चार दाती

पुतण्याने पाठवला होता तीन हत्यारांचा संच,
पोपटी मुठींचा, खोक्यावर हसणारी बाई.
जेल रोडच्या आमच्या रो-हाऊसपुढची पट्टी
सात फूट बाय तीन, काळी माती,
आत बिल्डरने पुरलेले विटांचे तुकडे.
पहिल्याच रविवारी पंजाचे दोन दात असे वाकले
जणू कुणी प्रश्न विचारला
आणि त्यांना उत्तर येत नव्हतं.

म्हणून बुधवारी गंगेवर गेले.
मेथी-शेपूच्या रांगा संपतात तिथे
गोणपाटावर लोखंड मांडून
कमळजाबाई साळुंके बसलेल्या.
मागे नवरा हाताने पंखा फिरवतोय,
कोळसा लाल होतोय, काळा होतोय.

"माती कुठली?" आधी हे, किंमत नंतर.
काळी, म्हटलं. उन्हात भेगाळते,
पावसात चप्पल ठेवून घेते.
"मग चार दाती घ्या.
पाच दातींत ढेकूळ अडकतं,
मातीपेक्षा दातच कोरत बसाल."
दाताळं दगडावर वाजवून दाखवलं.
टण्ण. दुसरं वाजवलं. ठप्.
"हे माझंच आहे, पण हे नका घेऊ."

वसवी हलते का बघा, म्हणाल्या,
दांडा बाभळीचा, नागडाच घ्या.
रंगाखाली भेग बसते,
सुनेच्या तोंडी
"काही नाही हो" बसतं तशी.

मी खुरपं उचललं.
"थांबा. डावखुऱ्या?"

हा शब्द मी
शाळेत पट्टीसोबत ऐकला,
हळदीकुंकवाला हसण्यासोबत,
प्रेसमध्ये गड्ड्या मोजताना
साबळे सुपरवायझरांकडून, चहाच्या आधी आणि नंतर.
मोजणी एकदाही चुकली नाही,
तरी.
बाईंनी मात्र असं विचारलं
जसं शिंपी विचारतो, बाही केवढी.

"दाताळ्याला डावं-उजवं नसतं,
ते दोन्ही हातांचं ऐकतं.
खुरप्याला धार एकाच अंगाने.
तुमच्या हातात हे मातीत शिरणार नाही,
वरच्या वर पळेल."

वरच्या वर पळेल.
दिंडोरीला, माहेरी, कांद्याच्या वाफ्यात
सगळ्या बहिणी पुढे, मी चार हात मागे.
शेवटी आईने कळशी दिली:
तू पाणी आण, हे तुझं काम नाही.
पन्नास वर्षं मी पाणी आणत होते.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली.
ट्रकच्या पाट्याचा तुकडा भट्टीत गेला,
बाहेर आला तेव्हा झेंडूसारखा.
घण त्या मारत होत्या,
सांडशी फिरवत होता तो.
एकदा माझा पंजा ओढून
मुठीच्या जागेवर ठेवून पाहिला,
मग पाण्यात चर्रर्र.
"दोनशे ऐंशी.
उलटं केल्याचे वेगळे नाहीत."

घरी दांड्याला जवसाचं तेल चोळलं,
रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवलं.
सकाळी बसले उकिडवी, गुडघ्यांनी तक्रार केली,
केली तर केली.
आधी दाताळं: चार रेघा, पुन्हा चार,
विटेचा तुकडा लागला की मनगटाला कळायचं.
मग खुरपं.
ते गेलं.
लव्हाळ्याच्या गाठीखालून,
गाठ न तुटता, सगळी आली वर,
ओली, काळी, उंदराच्या पिलाएवढी.
मी ती हातात धरून बसले बराच वेळ,
दूधवाला दोनदा "ताई" म्हणाला.

परवा शेजारचे निकुंभ काका
कढीपत्त्याचं आळं करायला खुरपं मागून घेऊन गेले.
अर्ध्या तासात परत.
उजव्या हाताला माती,
कपाळाला माती.
"ताई, फसवलं तुम्हाला बाजारात.
धारच नीट नाही याची.
चालतच नाही."

हो का, म्हटलं.
आणि पुसून
आतल्या खिळ्याला लावलं.